उलटी बांधलेली जुडी

थोरलीला हजारदा सांगून झालं होतं की केसांची जुडी मुळाकडून बांधायची, शेंड्याकडून नाही. सांगणारीची जीभ झिजली, पण ऐकणारीचा हात काही बदलला नाही. बरं, उलट उत्तर द्यावं, तर तेही नाही. चुकलं म्हणावं, तेही नाही. मान खाली घालून जुडी सोडायची, मुळाकडून बांधायची, आणि पुढची पुन्हा आपली शेंड्याकडून. मोठ्या बाई म्हणायच्या, "भांडकुदळ सून परवडली. तिच्याशी निदान भांडता येतं. ही म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

मोठ्या बाई म्हणजे थोरलीच्या सासूबाई. वय बहात्तर, शाळा तिसरीपर्यंत, पण त्यांच्या केसांच्या टोपांच्या कारखान्यात त्यांच्या शब्दाशिवाय कात्री हलत नसे. कारखाना म्हणजे घराचाच वरचा मजला. लांबट खोली, एका अंगाला तीन खिडक्या, समोरच्या भिंतीला लागून लाकडी डोक्यांची रांग. त्या डोक्यांवर जाळी ताणून बसवायची आणि बारीक आकडीने एकेक केस त्या जाळीत ओवायचा. एका टोपाला महिना लागे. औषधांनी केस गेलेल्या बाया, नाटकवाले, लग्नाआधी टक्कल झाकायला निघालेले घोडनवरे, सगळे याच घराची पायरी चढत.

या कामाचे दोन नियम मोठ्या बाईंनी त्यांच्या सासूकडून घेतले होते. पहिला, सगळी मुळं एका बाजूला, सगळे शेंडे एका बाजूला. एक मूठ उलटी गेली की टोप चार धुण्यांत गुंतून मरतो. जुडी मुळाकडून पांढऱ्या मेणदोऱ्याचे दोन वेढे घालून बांधायची, कारण शेंड्याकडून बांधली तर आखूड केस निसटून जातात. कोणतं टोक मुळाचं हे डोळ्यांना कळत नाही. केस अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून हलका चोळायचा. तो आपणहून मुळाच्या दिशेला सरकतो. नव्या बाईला हे दाखवलं की ती हटकून दचकायची. दुसरा नियम, जुडी कधी एकटी बांधायची नाही. एका डोक्याच्या केसांच्या दोन जुड्या, एक भांगाच्या उजवीकडची आणि एक डावीकडची, एका बैठकीत, एकाच हाताने. "एकटी जुडी म्हणजे एका पायातली चप्पल," मोठ्या बाई सांगायच्या. "घालून कुठे जाशील?"

थोरली डावखुरी. तिच्या हातात जुडी उलटीच यायची आणि उलटीच बांधली जायची. एरवी तिच्यासारखा टाका कारखान्यात कोणाचा नव्हता. हे मोठ्या बाईंना ठाऊक होतं. त्या ते बोलल्या मात्र कधी नाहीत. सुनेला शाबासकी दिली की सून शेफारते, हे त्यांचं मत, आणि मत एकदा झालं की त्या ते धुवायलासुद्धा काढत नसत.

दहा वर्षांपूर्वी थोरली म्हणाली होती, "आई, पाठीत कळ येते. आणि पायातली चप्पल निघून पडते, तरी मला कळत नाही."

"काम टाळायला पाय बरा सापडला," मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. "आमच्या पाठी काय लाकडाच्या होत्या?"

थोरली पुढे दोन वर्षं वाकून बसली. एक दिवस खुर्चीतून उठली ती सरळ जमिनीवर. मग धावाधाव, मग मोठं इस्पितळ, मग मणक्याची शस्त्रक्रिया. तेव्हाचे सर्जन बाहेर येऊन म्हणाले होते, "साधी गाठ होती. कर्करोग नाही. क्वचित होते ही, पण पूर्ण निघते. निघालीसुद्धा. दोन वर्षांपूर्वी आणलं असतंत तर चालत घरी गेली असती."

थोरला, म्हणजे तिचा नवरा, आईकडे बघून काही तरी बोलणार होता. आईने त्याच्याकडे पाहिलं. तो गप्प राहिला, आणि मग राहिलाच.

थोरली चाकाच्या खुर्चीतून घरी आली. अंथरुणात पडून पडून तिचे कमरेपर्यंतचे केस गुंतले होते, ते कापावे लागले. तांबूस, मऊ, नैसर्गिक वळणाचे केस. असे केस बाजारात शोधून सापडत नाहीत. मोठ्या बाईंनी ते धुऊन तिच्याच मांडीवर ठेवले. "वाया कशाला घालवायचे? बस, जुड्या बांध."

थोरलीने स्वतःच्या केसांच्या दोन जुड्या बांधल्या. उजवी आणि डावी. दोन्ही शेंड्याकडून.

"आता तरी सुलट बांधायची होतीस," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि जुड्या तिच्या पुढ्यात टाकल्या.

दुसऱ्या दिवशी त्या जुड्या कुठेच नव्हत्या. कपाटं पालथी घातली, बायांच्या पिशव्या बघितल्या. थोरलीला विचारलं तर ती म्हणाली, "ठेवल्यात." कुठे, ते सांगितलं नाही. त्यानंतर आठ वर्षांत ती सासूशी कामापुरतं बोलली. हो. नाही. झालं. दोरा संपला. सकाळी थोरला तिला उचलून वर आणी, मधल्या खिडकीपाशी बसवी. संध्याकाळी खाली नेई. मधल्या वेळात फक्त आकडीचा आवाज.

मोठ्या बाईंची चप्पल पहिल्यांदा निघाली ती जिन्यावर.

वर येऊन त्या आपल्या जागेवर बसल्या, तेव्हा कामावरची चष्मेवाली बाई मागून चप्पल घेऊन आली. "बाई, तिसऱ्या पायरीवर होती. उजवी." मोठ्या बाईंनी पायाकडे पाहिलं. उजवं पाऊल उघडं होतं. फरशीचा गारवा डाव्या पायाला कळत होता, उजव्याला नाही.

"पट्टा सैल झालाय," त्या म्हणाल्या. तीन खिडक्यांच्या मधल्या खिडकीपाशी आकडी एक क्षण थांबली, मग पुन्हा सुरू झाली.

पाठीतली ओढ त्याच आठवड्यात सुरू झाली. दुखणं म्हणावं असं ते नव्हतं. कंबरेच्या थोडं वर, हाडाच्या आत, कोणी तरी बारीक काही तरी धरून ओढावं तसं. ओढ, ढील. ओढ, ढील. त्यात एक ताल होता आणि तो ताल ओळखीचा होता. आकडी जाळीत जाते, केस धरते, ओढते, आवळते. मोठ्या बाई भोळ्या नव्हत्या. उपासतापास, अंगात येणं, दृष्ट काढणं यांची त्यांनी आयुष्यभर टर उडवली होती. त्यांनी स्वतःशी हिशेब मांडला: आपण तिच्या हाताकडे बघतो, म्हणून तसं वाटतं. मग त्या खिडकीकडे पाठ करून बसल्या.

ओढ चालूच होती. त्यांनी मनात मोजली. मग न वळता विचारलं, "थोरले, मी पाठ करून बसल्यापासून किती टाके झाले?"

"अकरा," थोरली म्हणाली.

मोठ्या बाईंनी मोजलेल्या ओढीही अकराच होत्या.

"हात सावकाश चालतोय तुझा," त्या म्हणाल्या. "चहा घे जरा."

कप बशीवर ठेवल्याचा आवाज येईपर्यंत पाठ शांत होती. कप ठेवला गेला. मग ओढ.

चप्पल पडल्यापासून अकराव्या दिवशी त्या इस्पितळात गेल्या. आपणहून. थोरल्याने गाडी आणली, तेव्हा थोरली जिन्याखाली खुर्चीत बसली होती. सासू अकरा दिवसांत निघाली आणि सुनेला दोन वर्षं लागली, हे गणित घरातल्या सगळ्यांना तिसरी न शिकताही येत होतं.

सर्जन या वेळी बाई होती. चाळिशीची, केस बारीक कापलेले, बोलणं सरळ. पडद्यावर तिने मणक्याचं चित्र दाखवलं. करड्या पट्ट्याच्या मध्ये, मज्जारज्जूला चिकटून, बोराएवढा पांढरा डाग.

"साधी गाठ आहे," ती म्हणाली. "कर्करोग नाही. फार कमी लोकांना होते. बाळ पोटात असतानाच त्वचेचा एक कण आत अडकतो आणि पुढे सावकाश वाढतो. खरं तर विशी-तिशीतच त्रास देते. बहात्तराव्या वर्षी मी ही पहिल्यांदाच बघतेय."

"आत काय असतं?"

"मेणासारखा लगदा. त्वचाच ती, त्यामुळे कधी कधी केससुद्धा."

मोठ्या बाई हसल्या. "म्हणजे घरचाच धंदा."

सर्जनही हसली. "वेळेत आलात हे बरं केलंत. आणखी उशीर झाला असता, तर पायांचं काही सांगता आलं नसतं."

थोरला भिंतीकडे बघत उभा होता. मोठ्या बाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "करा काय करायचं ते. मी कोणाच्या हातांनी जिना चढणार नाही. तेवढं एक लक्षात ठेवा."

शस्त्रक्रिया साडेचार तास चालली. शुद्धीवर आल्यावर मोठ्या बाईंनी सगळ्यात आधी पायाची बोटं हलवली. दहाच्या दहा हलली. तेव्हा कुठे त्यांनी पाणी मागितलं.

दोन दिवस सर्जन रोज यायची, जखम बघायची, तळपायावर किल्ली फिरवायची आणि खूश होऊन जायची. तिसऱ्या दिवशी ती दुपारी आली. एकटीच. दार लोटून घेतलं आणि खुर्ची ओढून बसली.

"तुमच्या पाठीवर याआधी कधी शस्त्रक्रिया झाली होती?"

"नाही."

"सुई? पाठीतून पाणी काढलं होतं? लहानपणी जखम?"

"अहो, चार बाळंतपणं घरी झाली माझी. मला डॉक्टरचा हात लागला तो तुमचाच पहिला."

सर्जनने मान हलवली. "तेच. कातडी कोरी होती. हाड अखंड होतं. आतला पडदा मी स्वतः उघडला. केस असतात म्हणाले होते मी तुम्हाला. पण ते तुटके असतात, आखूड, लगद्यात कालवलेले. हे तसे नाहीत."

तिने कोटाच्या खिशातून काचेची छोटी बाटली काढली.

"तपासणीला पाठवायच्या आधी म्हटलं तुम्हाला विचारावं. तुमच्या कामातलं आहे म्हणून."

बाटलीत स्वच्छ पाणी होतं आणि पाण्यात वेटोळं घालून बसलेली एक बारीक जुडी. करंगळीपेक्षा बारीक. तांबूस. एका टोकाला पांढऱ्या दोऱ्याचे दोन वेढे.

"उलगडली तेव्हा हातभर झाली," सर्जन म्हणाली. "बोराएवढ्या जागेत. सिस्टर म्हणाल्या, आपलाच दोरा पडला असेल. आमचा दोरा असा नसतो. याला मेण लावलंय."

मोठ्या बाईंनी हात पुढे केला. "एक केस द्या."

"कशाला?"

"द्या."

सर्जनने चिमट्याने एक केस ओढून काढला, टिपून कोरडा केला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. दोऱ्याकडचं टोक आपल्या अंगाकडे ठेवून मोठ्या बाईंनी तो अंगठा आणि बोटात धरला. हलका चोळला. पन्नास वर्षं हेच केलं होतं त्यांनी. डोळे मिटूनसुद्धा आलं असतं.

केस सरकला. दोऱ्यापासून दूर.

त्यांनी पुन्हा चोळला. पुन्हा दूर.

"काय झालं?" सर्जनने विचारलं.

"शेंड्याकडून बांधलीय."

"म्हणजे?"

मोठ्या बाईंनी केस चादरीवर ठेवला. मग विचारलं, "एकच होती?"

"एकच. का?"

"नीट बघितलंत?"

"काल पुन्हा चित्र काढलं. स्वच्छ आहे. आवरणाचा नखाएवढा तुकडा तेवढा मज्जारज्जूला चिकटला होता, तो मी मुद्दाम सोडला. ओरबाडून काढला असता तर पाय गेले असते. रिकामा आहे तो. पुन्हा वाढलाच तरी वीसेक वर्षं लागतील."

"डावीकडे आहे ना तो?"

सर्जनचा हात बाटलीच्या झाकणावर थांबला.

"हो," ती म्हणाली. "डावीकडे. तुम्हाला कोणी सांगितलं?"

मोठ्या बाईंनी डोळे मिटले. "दमले मी. या आता."

तपासणीचा कागद घरी यायच्या दिवशी मिळाला. त्यात मानवी केस असं लिहिलं होतं. दोऱ्याच्या जागी नुसती रेघ होती. सर्जनने दारापर्यंत सोडलं, पण पुन्हा काही विचारलं नाही. मोठ्या बाईंनीही नाही. त्यांनी बाटली मागितली, आणि सर्जनने ती दिली. असं देता येत नसतं, हे दोघींना माहीत होतं. दिल्यावर सर्जनने हात कोटाला पुसले.

घरी आल्यावर सहा आठवडे जिना बंद. मोठ्या बाई खाली पडून असत आणि वरच्या मजल्यावर फरशीवरून चाकं फिरल्याचा आवाज ऐकत. पाठ शांत होती. ओढ नाही, कळ नाही. शेजारपाजारच्या बाया येऊन म्हणत, नशीब काढलंत हो. मोठ्या बाई म्हणत, "नशीब कसलं, वेळेत गेले." आणि म्हणून झालं की तोंड कडू व्हायचं.

एकदा थोरला जेवणाचं ताट घेऊन आला आणि उभाच राहिला.

"काय रे?"

"आई, तिच्या वेळी..."

"बोल की. आठ वर्षं गिळलंस, एकदा थुंकून टाक."

तो ताट ठेवून निघून गेला. आपण पोराला गप्प राहायला किती नीट शिकवलंय, हे मोठ्या बाईंना त्या दिवशी कळलं.

सातव्या आठवड्यात, सकाळच्या उन्हात, त्या जिना चढल्या. काठी होती, पण टेकली नाही. प्रत्येक पायरी मोजली. पदरात बाटली होती. वरच्या बायांनी त्यांना दारात पाहिलं आणि चुळबुळल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, "जा खाली. सगळ्या. चहा करून प्या."

बाया गेल्या. थोरली मधल्या खिडकीपाशी होती तशीच बसून होती. कापलेले केस पुन्हा कधी नीट वाढले नाहीत, डोक्याला फडकं. पुढ्यात लाकडी डोकं, त्यावर ताणलेली जाळी. मोठ्या बाई चालत तिच्यापर्यंत गेल्या, समोरच्या स्टुलावर बसल्या आणि बाटली तिच्या मांडीवर ठेवली. आठ वर्षांपूर्वी केस ठेवले होते, तिथेच.

थोरलीने बाटलीकडे पाहिलं. हातात घेतली नाही.

"डॉक्टरणीला एकच सापडली," मोठ्या बाई म्हणाल्या.

"हो?"

"उजवीकडची."

"हं."

"दुसरी कुठे आहे?"

थोरलीने आकडी उचलली. जाळीच्या डाव्या कडेला, भांगाच्या रेषेला लागून, ती खुपसली.

"ठेवलीय," ती म्हणाली.

आकडीने केस धरला. ओढला.

कंबरेच्या थोडं वर, डावीकडे, आत.

मोठ्या बाईंनी स्टुलाची कड धरली. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. थोरलीने टाका आवळला, आकडी सोडवली आणि मान वर केली. आठ वर्षांत पहिल्यांदा तिने सासूच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"आई," ती हळू म्हणाली, "तुमची चप्पल राहिली दारात. डावी."

मोठ्या बाईंनी खाली पाहिलं नाही. मागे वळून दाराकडेही पाहिलं नाही. गरज नव्हती. त्या ताठ बसल्या, पदर सारखा केला आणि कारखान्यात कामाचा निवाडा करताना लावत तोच आवाज लावून म्हणाल्या,

"थोरले, तीस वर्षांत तुला कधी बरं म्हटलं नाही, ते आज ऐक. बांधतेस उलटी, पण जोडी मोडली नाहीस आणि जागा चुकली नाहीस. अशी बसवणी मलाही साधली नसती. तुझ्या कामात खोट नाही."